ड्रिल मशीन नंतर घ्या, आधी मोजायची हत्यारं घ्या

आयटीआयचा निकाल लागला की मला पोरांचे मेसेज यायला लागतात. इलेक्ट्रिशियन नाहीतर वायरमन ट्रेड झालेला असतो, घरच्यांनी कापसाच्या पैशातून दहा-पंधरा हजार बाजूला काढून दिलेले असतात आणि प्रश्न ठरलेला, "दादा, कोणतं ड्रिल मशीन घेऊ?" यंदा भाच्यानेही तेच विचारलं, "मामा, हॅमरवालं घेऊ का साधं?" त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण हा विषय मला खरंच जवळचा आहे आणि पोरांचे पैसे चुकीच्या जागी गेलेले बघवत नाहीत.

मशीन सगळ्यात शेवटी घ्या. पहिला पैसा त्या हत्यारांवर घाला जी तुम्हाला सांगतात की इथे करंट आहे का नाही, किती आहे, कुठून येतोय. दुसरा पैसा हातात रोज असणाऱ्या पक्कड-पेचकस-स्ट्रिपरवर. ड्रिल मशीन दिवसाच्या भाड्याने मिळतं, मित्राचं मिळतं, ज्याच्या घरी काम आहे त्याच्या मिस्त्रीकडेही असतं. पण बोर्ड उघडल्यावर त्या क्षणी खिशात टेस्टर नाही, मीटर नाही, तर तुम्ही अंदाजाने काम करणार, आणि आपल्या धंद्यात अंदाजाने काम करणारा माणूस कधीतरी चिकटतोच.

आपल्या खानदेशातलं काम कसं असतं तेही बघा. पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत जो इलेक्ट्रिशियन दिसतो तो फ्लॅटमध्ये काम करतो, तिथे अर्थिंग असतं, लिफ्ट असते, दुकान खाली असतं. आपण सकाळी गावात घराची वायरिंग करतो, दुपारी कोणाच्या कूलरची मोटार बघतो आणि संध्याकाळी रावेर-यावल-चोपड्याकडच्या केळीच्या बागेत पंपाच्या स्टार्टरसमोर उभे असतो. शेतीची थ्री फेज लाइन पाळीने येते, कधी दिवसा कधी रात्री, आणि लाइन आली की शेतकऱ्याला एक तासही वाया घालवायचा नसतो. म्हणजे आपली पेटी घराची पण हवी आणि शेताची पण, आणि ती मोटारसायकलवर मावली पाहिजे.

आता टेस्टरपासून सुरू करतो, कारण तो सगळ्यांकडे असतो आणि सगळ्यात जास्त भरवसा लोक त्याच्यावरच ठेवतात. साध्या टेस्टरमध्ये एक छोटा निऑन बल्ब असतो आणि त्याच्या मागे साधारण एक मेगाओहमचा रेझिस्टन्स, त्यामुळे तुम्ही वरच्या टोपीला बोट लावलं की तुमच्या अंगातून अगदी पाव मिलीॲम्पिअरच्या आतला करंट जमिनीत जातो आणि बल्ब लागतो. म्हणजे सर्किट तुमच्या अंगातून पूर्ण होतं हे लक्षात ठेवा. तुम्ही कोरड्या लाकडी शिडीवर जाड सोलचे बूट घालून उभे असाल तर बल्ब इतका मंद लागतो की दिसतच नाही. आणि मे महिन्यात भर उन्हात शेतातल्या खांबाजवळ स्टार्टरची पेटी उघडलीय, तिथे पूर्ण पेटलेला निऑनसुद्धा दिसत नाही भाऊ, हाताची ओंजळ करून सावली केल्याशिवाय. टेस्टर लागला नाही म्हणजे लाइन बंद आहे असं कधीच समजू नका. उलटंही होतं, बंद वायर चालू वायरच्या शेजारून लांबवर गेली असेल तर तिच्यात इंडक्शनने व्होल्टेज येतं आणि टेस्टर मिणमिणतो.

म्हणून टेस्टर घ्यायचाच, चांगला घ्यायचा, पण तो फक्त पहिली चौकशी करायला. त्याने स्क्रू आवळू नका. टेस्टरने एमसीबीचे (जास्त करंट आला की आपोआप पडणाऱ्या बटणाचे) स्क्रू पिळणारे खूप बघितले, आतला बल्ब हलतो नाहीतर प्लॅस्टिकला बारीक तडा जातो आणि तो तडा नेमका बोटाखाली असतो. बीप वाजणारा, वायरला न टेकता सांगणारा टेस्टरही पेटीत ठेवा, भिंतीतली वायर शोधायला बरा पडतो, पण त्याचे सेल उतरले की तो गप्प बसतो आणि गप्प बसलेला टेस्टर धोक्याचा. कोणताही टेस्टर असो, आधी जिथे लाइन नक्की चालू आहे तिथे लावून बघायचा, मग जिथे काम करायचंय तिथे, आणि मग परत चालू जागी. तीनदा. वेळ लागत नाही.

आणि लाइन बंद केली की किटकॅट फ्यूज (चिनी मातीचा, हाताने ओढून निघणारा) काढून आपल्या खिशात ठेवायचा. एमसीबी असेल तर पाडून त्यावर टेप मारायची आणि घरातल्या मोठ्या माणसाला सांगायचं की याला हात लावू नका. आपण शिडीवर असताना "लाइट का गेली?" म्हणून कोणीतरी येऊन बटण वर करतं, हे प्रत्येक गावात होतं. मोठ्या दुकानातून एमसीबीला लावायचं छोटं कुलूप मिळतं, स्वस्त असतं, दोन घ्या.

मीटरकडे येतो. तो पिवळा, दोनशे-अडीचशे रुपयांचा मल्टीमीटर तुम्ही आयटीआयमध्ये वापरला असेल. बॅटरी, सेल, रिमोट, छोटं सर्किट बघायला ठीक आहे. पण एकदा तो हातात घेऊन १० ॲम्पिअरच्या भोकाशेजारी काय छापलंय ते वाचा, बऱ्याच मीटरवर अनफ्यूज्ड असं लिहिलेलंच असतं. म्हणजे लीड (मीटरची टोकवाली वायर) चुकून त्या भोकात राहिली आणि तुम्ही थ्री फेजच्या ४१५ व्होल्टला टोकं लावली की तो सरळ शॉर्ट सर्किट, मध्ये फ्यूज नाही, आणि मीटर तुमच्या हातात फुटतो. ट्रान्सफॉर्मरच्या जितके जवळ जाल तितकी शॉर्ट सर्किटची ताकद जास्त. म्हणूनच मीटरवर कॅट २, कॅट ३, कॅट ४ असे शिक्के असतात. ढोबळमानाने कॅट २ म्हणजे सॉकेटला लागणारी उपकरणं, कॅट ३ म्हणजे घरातलं नाहीतर कारखान्यातलं डिस्ट्रिब्यूशन बोर्ड आणि पक्की वायरिंग, कॅट ४ म्हणजे मीटरच्या आधीची, बाहेरून येणारी सर्व्हिस लाइन. आपल्या कामाला निदान कॅट ३, ६०० व्होल्ट पाहिजे. आणि शिक्का मीटरवर आहे तसा लीडवरही पाहिजे, नाहीतर मीटर चांगला आणि वायरी जत्रेतल्या खेळण्याच्या, असं होतं.

पण माझ्या मते आपल्या भागातल्या पोराने पहिला मोठा खर्च करायचा तो क्लॅम्प मीटरवर, ज्याला जुने लोक टाँग टेस्टर म्हणतात. त्यात व्होल्ट, ओहम, कंटिन्यूटी सगळं येतंच, वरून वायर न तोडता ॲम्पिअर कळतात. दोन-तीन हजारांत कामाचा मिळतो. का ते एका कामावरून सांगतो.

ऐन उन्हाळ्यात एका नानांचा फोन आला, आवाज रडवेला, "मोटार जयी गई भो," म्हणजे मोटार जळून गेली. सबमर्सिबल, ५ एचपी, बोअरमध्ये खोलवर सोडलेली. मोटार चालू व्हायची, पाच-दहा मिनिटं पाणी द्यायची, मग आवाज बदलायचा आणि स्टार्टर ट्रिप. आदल्या दिवशी कोणीतरी येऊन टेस्टरने तिन्ही फेज बघून गेला होता, तिन्ही लागले, म्हणून निकाल दिला की मोटार गेली, वर काढा आणि रिवायंडिंगला (आतली तार नव्याने गुंडाळायला) द्या. पाइप वर ओढायला माणसं, चेन पुली, नंतर रिवायंडिंग, आणि तोपर्यंत केळी उन्हात उभी, म्हणजे किती हजारांचं नुकसान ते शेतकऱ्यालाच विचारा. मी स्टार्टर चालू करायला लावला आणि क्लॅम्प एकेका वायरला लावला. सुरुवातीला तिन्हीत साधारण नऊ-नऊ ॲम्पिअर, म्हणजे मोटार एकदम तंदुरुस्त. थांबलो. थोड्या वेळाने आवाज जड झाला आणि आकडे बदलले, दोन वायरींत पंधराच्या आसपास, तिसरीत जवळजवळ शून्य. एक फेज मोटारीपर्यंत पोहोचतच नव्हता. लाइन बंद करून स्टार्टर खोलला तर तिसऱ्या फेजचा कॉन्टॅक्ट काळा पडून खड्डे पडलेले, थंड असताना टेकायचा, गरम झाला की सोडायचा. कॉन्टॅक्टचा सेट बदलला, मोटार जमिनीखाली जिथे होती तिथेच राहिली. टेस्टर का फसला? कारण टेस्टरला आणि साध्या मल्टीमीटरलासुद्धा करंट लागतच नाही म्हणा, जळक्या कॉन्टॅक्टमधून व्होल्टेज पलीकडे दिसतं, पण लोड आला की ते खाली बसतं. लोडवर काय चाललंय हे क्लॅम्पच सांगतो.

क्लॅम्प वापरताना एका वेळी एकच वायर जबड्यात घ्यायची हेही नवीन पोरांना सांगावं लागतं. तिन्ही फेज एकत्र घेतले किंवा फेज-न्यूट्रल दोन्ही घेतले तर येणारा-जाणारा करंट एकमेकांना खाऊन टाकतो आणि मीटर शून्य दाखवतो. याचा उपयोगही होतो, फेज-न्यूट्रल दोन्ही मिळून घेतल्यावर शून्य नाही आलं तर कुठेतरी लिकेज आहे समजायचं, फक्त साध्या क्लॅम्पवर फार बारीक लिकेज दिसत नाही.

घेताना एक गोष्ट पक्की विचारा, एसी-डीसी दोन्ही आहे का. स्वस्त क्लॅम्प फक्त एसीचे ॲम्पिअर मोजतात. आता आपल्याकडे सोलर पंप वाढलेत, सरकारच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत ३, ५, साडेसात एचपीचे पंप बसतायत, धुळ्यातल्या साक्रीकडे तर सोलरचे मोठे प्रकल्पच आहेत, म्हणजे पुढची कितीतरी वर्षं तुम्हाला डीसीचं काम येणार. पॅनलच्या एका माळेत पाचशेच्या आसपास व्होल्ट डीसी आरामात असतं आणि ऊन आहे तोवर पॅनल बंदच करता येत नाही. एसीचा आर्क दर सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो म्हणून विझायला मदत होते, डीसीचा तसा विझत नाही, ओढत जातो. चालू लोडवर सोलरचा कनेक्टर ओढून काढायचा नाही. तिथे हातात साधा मीटर घेऊन जाऊ नका.

मीटरच्या बाबतीत अजून एक, डिजिटल मीटर बंद वायरवर ४०, ७०, ९० व्होल्ट असं काहीतरी दाखवतो आणि पोरं गोंधळतात. ते भुताचं व्होल्टेज, शेजारच्या वायरीतून आलेलं, त्यात दम नसतो. काही मीटरवर लो-झेड म्हणून सेटिंग असतं, त्यावर टाकलं की हे व्होल्टेज गळून पडतं. ते नसेल तर आपला जुना होल्डर-बल्बचा टेस्ट लॅम्प, दोन वायरी लावलेला. फेज आणि न्यूट्रलमध्ये लावला आणि बल्ब पूर्ण लागला तर लाइन खरी, दमदार. तो ४१५ ला लावायचा नाही, उडतो. थ्री फेजला दोन सारखे बल्ब सिरीजमध्ये.

मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, पहिल्या वर्षी घेऊ नका, मोटारीचं काम वाढलं की घ्या. ५०० व्होल्टचा पुरतो.

आता हातातली हत्यारं. पक्कड ८ इंची कॉम्बिनेशन, हीच रोजची. दुकानात घेताना ती बंद करून उजेडासमोर धरा, कापायच्या धारेतून उजेड दिसला तर परत ठेवा. जॉइंट हलवून बघा, जबडा आडवा हलायला नको पण उघड-मीट एका हाताने सहज झाली पाहिजे. बारीक वायर कापून बघायला दुकानदाराकडे तुकडा मागा, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. तीन-चारशे रुपयांत आयुष्यभर पुरणारी पक्कड मिळते, माझ्या वडिलांच्या वेळची अजून घरात आहे. नाशिकची टपारिया आपल्याकडे प्रत्येक तालुक्याच्या गावात मिळते आणि तिची हत्यारं मला आवडतात. मीटर बनवणारी ऋषभ आणि मोटवाने पण नाशिकचीच, म्हणजे वस्तू जवळच्याच आहेत, मुद्दाम लांबून मागवायची गरज पडत नाही.

पण पकडीच्या मुठीबद्दल नीट ऐका. मुठीवर लाल-पिवळं प्लॅस्टिक आहे म्हणजे ती शॉकप्रूफ असं नाही. साधं आवरण हे फक्त पकड चांगली बसावी म्हणून असतं. खरी इन्सुलेटेड पक्कड किंवा पेचकस असेल तर त्यावर दोन त्रिकोणांचं चिन्ह आणि १००० व्होल्ट असं कोरलेलं असतं, आयईसी ६०९०० या स्टँडर्डप्रमाणे. त्या स्टँडर्डमध्ये प्रत्येक हत्यार १०,००० व्होल्टला तपासून मगच १००० चा शिक्का मिळतो. काही कंपन्यांची मूठ दोन थरांची असते, वरचा लाल, आतला पिवळा, पिवळा दिसायला लागला की ते हत्यार लाइनच्या कामातून बाद. मुठीला टेप गुंडाळून वापरायचं नाही, घामाने टेप सरकते आणि आत ओल धरते. निदान एक पक्कड आणि दोन पेचकस तरी शिक्क्याचे घ्या. आणि शिक्का असला तरी काम लाइन बंद करूनच, शिक्का हा चुकून लागलेल्या हातासाठी.

पेचकसात लोक फार काटकसर करतात. एमसीबीचा स्क्रू जवळून बघा, त्यात अधिकचं चिन्ह असतं, आडवी खाचही असते, आणि अधिकच्या मधल्या कोपऱ्यांत बारीक रेघा असतील तर तो पॉझीड्राइव्ह, त्याला पीझेड २ चा पेचकस लागतो. साधा फिलिप्स त्यात बसल्यासारखा वाटतो पण जोर लावला की वर सरकतो, स्क्रूचं डोकं खातो, आणि आपल्याला वाटतं आवळलं. आवळलेलं नसतं. ढिल्या स्क्रूखाली वायर तापते, तांबं काळं पडतं, एमसीबी एका बाजूने वितळते, आणि घरमालक म्हणतो एमसीबी खराब कंपनीची होती. उन्हाळ्यात कूलर आणि एसी सुरू झाले की जळक्या बोर्डाचे फोन येतात ना, त्यातले निम्मे या ढिल्या स्क्रूचे असतात असं मला वाटतं.

तसंच वायर सोलायचं. दाताने, ब्लेडने, पकडीने सोलायचं सोडून द्या. दीड स्क्वेअर एमएमच्या वायरीत २२ तारा असतात, अडीचमध्ये ३६. ब्लेडने सोलताना गोल फिरवलं आणि पाच तारा तुटल्या, तर दीडची वायर त्या जागी सव्वाचीही राहिली नाही, आणि ती जागा नेमकी स्क्रूच्या तोंडाशी. चांगला स्ट्रिपर घ्या, ज्यात मापाची वेगवेगळी भोकं आहेत. ऑटोमॅटिक स्ट्रिपर भरपूर वायरिंग असेल तेव्हा हात वाचवतो, पण त्याचा ताण घरच्या वायरीच्या मापाला सेट करून घ्यावा लागतो.

क्रिम्पिंग टूल हे आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित हत्यार. लग्ज, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक, वायरीवर ठेवून छिन्नी-हातोडीने ठोकतात, नाहीतर पकडीने दाबतात. वरून घट्ट दिसतं, आत तारा मोकळ्या असतात. पंपाच्या फ्लॅट केबलला, स्टार्टरच्या टर्मिनलला असं ठोकलेलं लग्ज एका उन्हाळ्यात काळं पडतं. रॅचेटवालं क्रिम्पिंग टूल घ्या, पूर्ण दाबल्याशिवाय ते सुटतच नाही, म्हणजे दर वेळी सारखाच दाब. साधारण दहा स्क्वेअरपर्यंत हाताने होतं, त्याच्या वरच्या केबलला हायड्रॉलिक लागतं, ते भाड्याने आणा. सोलरच्या कनेक्टरला त्याचंच वेगळं टूल येतं, त्याशिवाय त्या कामाला हात घालू नका.

बाकी बारीकसारीक पटकन सांगतो. साइड कटर, नोज प्लायर, एक छोटी हातोडी, हॅकसॉ, लेव्हल, मार्किंगचा दोरा. पाइपातून वायर ओढायची स्प्रिंग घ्या ती नायलॉनची घ्या, ज्या पाइपात आधीच एखादी चालू वायर आहे त्यात लोखंडी स्प्रिंग सारू नका. डोक्याला लावायचा टॉर्च हा आपल्या भागात चैनीचा नाही, रात्रीच्या लाइनवर शेतात जायचंय, एका हातात मोबाइल धरून स्टार्टर खोलता येत नाही आणि पायाखाली काय आहे तेही दिसलं पाहिजे. शिडी लाकडाची किंवा फायबरची, ॲल्युमिनियमची नको, ती हलकी असते म्हणून मोह होतो पण सर्व्हिस वायरला टेकली की संपलं. आणि डीपीला, म्हणजे गावातल्या-शेतातल्या ट्रान्सफॉर्मरच्या पेटीला, हात लावायचा नाही, ते महावितरणच्या माणसाचं काम, शेतकरी कितीही विनवण्या करो. तिथला फ्यूज टाकायला गेलेली घरातली कर्ती माणसं गेलीत आपल्या भागात, पेपरात दर हंगामात बातमी असते.

आता मशीन. भाच्याचा प्रश्न होता हॅमरवालं का साधं. बाजारात १३ एमएम चकवालं इम्पॅक्ट ड्रिल मिळतं, ५००-६५० वॅटचं, त्यावर हातोडीचं चित्र असतं. त्यात आत दोन दातेरी चकत्या एकमेकांवर घासून टकटक करतात, त्यामुळे जोर तुमच्या खांद्यातून जातो. विटेच्या भिंतीत छान चालतं, लोखंडात आणि लाकडातही चालतं हातोडी बंद करून. पण आरसीसी स्लॅबमध्ये फॅनच्या हुकसाठी भोक पाडायचं असेल, डोक्यावर हात करून, तर माणूस दमतो आणि बिट निळं पडतं. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन आणि हवेची उशी असते, मारतो तो पिस्टन, तुम्ही फक्त धरायचं. त्याला एसडीएस प्लसचं (खाचांच्या दांड्याचं) बिट लागतं. दोन-अडीच किलोचं, २० ते २६ एमएमचं मशीन आपल्या सगळ्या कामाला पुरतं, आणि फिरणं बंद करून नुसतं ठोकायचं सेटिंग असेल तर बोर्डाचे खड्डेही काढता येतात. गावात स्लॅबची घरं झालीत म्हणून मी म्हणेन रोटरी घ्या. पण जुनं धाब्याचं घर असेल, मातीच्या भिंती, तर हातोडी मारायचीच नाही, नुसतं फिरवून हळू भोक पाडा, नाहीतर भोक पडायच्या ऐवजी ढेकूळच बाहेर येतं.

मशीनवर चौकोनात चौकोन असं चिन्ह बघा. म्हणजे डबल इन्सुलेशन, त्याला अर्थची वायर लागत नाही. आपल्याकडे अर्थिंग कागदावर असतं, प्रत्यक्षात पिनमध्ये वायर नसतेच, त्यामुळे हे चिन्ह असलेलंच मशीन घ्या. आणि स्वतःचा एक्स्टेन्शन बोर्ड स्वतः बनवा, त्यात ३० मिलीॲम्पिअरची आरसीसीबी टाका. अर्थिंग नसलं तरी ती काम करते, कारण फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का एवढंच ती बघते. नवीन घराच्या ओल्या भिंतीत, पाणी मारलेल्या स्लॅबखाली मशीन चालवताना हा बोर्ड पाहिजेच.

बॅटरीच्या मशीनचं सगळे विचारतात. सोयीचं आहे यात शंका नाही, गावात व्होल्टेज १७०-१८० वर आलं की वायरचं मशीन रडतं, कार्बन ब्रश लवकर जातात, आणि नवीन घरात मीटरच आलेलं नसतं. पण आपल्या भुसावळ-जळगावचं ऊन विसरू नका. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो, मोटारसायकलच्या पेटीत त्याहून जास्त. लिथियम बॅटरीला ते सोसत नाही, आणि तापलेली बॅटरी चार्जरला लावली की बरेच चार्जर ती थंड होईपर्यंत चार्जच करत नाहीत, ते आपल्या भल्यासाठीच. बॅटरी सावलीत, कापडात, घरात ठेवा. एका कंपनीचं एकच कुटुंब धरा म्हणजे ड्रिल, स्क्रू ड्रायव्हर, दिवा सगळ्याला तीच बॅटरी चालते. आणि पहिलं बॅटरीचं मशीन १२ व्होल्टचं हलकं ड्रिल-ड्रायव्हर घ्या, बोर्ड आणि प्लेट बसवायला दिवसभर हातात तेच असतं.

भिंतीत झिरी मारायचं कटर मशीन, ४ इंची, दोन समांतर कट मारून मधलं छिन्नीने काढायचं. इथे मी कडक बोलतो. गार्ड काढून मोठं ब्लेड लावणारे आहेत, त्यांचं बघून करू नका. ते ब्लेड मिनिटाला दहा-बारा हजार फेरे फिरतं, तुटलं तर तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही. डोळ्याला चष्मा, नाकाला एन-९५, नुसता रुमाल नको, कारण विटेच्या आणि काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, ती छातीत बसते आणि निघत नाही. हातमोजे ढिले घालू नका, फिरत्या ब्लेडमध्ये अडकतात. आणि कट मारायच्या आधी त्या भिंतीतली जुनी लाइन बंद करून घ्या.

कुठून घ्यायचं? जळगावला, धुळ्याला आग्रा रोडकडे, सगळं मिळतं, ऑनलाइनही मिळतं. मशीन घेताना आधी शहरात विचारा की त्या मॉडेलचे कार्बन ब्रश, आर्मेचर (मोटारीचा फिरणारा भाग), स्विच मिळतात का आणि दुरुस्त कोण करतं. ऑनलाइन पाचशे रुपये वाचले आणि ब्रशसाठी काम पंधरा दिवस थांबलं तर काय उपयोग. नकली हत्यारं खूप आहेत, एका दुकानात मला नावाजलेल्या कंपनीच्या खोक्यात घातलेला पेचकसाचा सेट दिला होता, पहिल्याच गंजलेल्या स्क्रूला टोक पिळलं गेलं. परत नेला तर दुकानदाराने ओळखही दाखवली नाही. पक्कं बिल घ्या, कोरलेली अक्षरं नखाने चाचपा, खोक्यावरचं आणि हत्यारावरचं नाव एकाच अक्षराचं आहे का बघा.

सेकंडहँडचंही बरेच जण विचारतात. ड्रिल मशीन, रोटरी, कटर सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, चालवून बघा, मागच्या जाळीतून मोटारीची ठिणगी बघा, थोडी निळी ठिणगी चालते, गोल फिरणारी लाल आग दिसली तर आर्मेचर गेलं, सोडून द्या. बिट धरून आडवं हलवा, जास्त खेळ असेल तर बेअरिंग किंवा चक गेलाय. वायर मशीनमध्ये जिथे शिरते तिथे टेप असेल तर ती काढायला लावून आत बघा. पण मीटर, लीड, टेस्टर आणि शिक्क्याची इन्सुलेटेड हत्यारं मात्र नवीनच घ्या, कितीही स्वस्तात मिळाली तरी दुसऱ्याची नकोत, कारण ती कुठे पडली, कशात भिजली आणि आतला फ्यूज काढून कोणी तार तर टाकली नाही ना, हे बाहेरून कळत नाही. जुना मीटर वडिलांचा किंवा उस्तादांचा मिळालाच, तर वापरायच्या आधी मागचं झाकण उघडून फ्यूज कंपनीने सांगितलेल्या रेटिंगचाच आहे का ते बघा, काचेचा टाकलेला असेल आणि मूळचा सिरॅमिकचा असेल तर बदला, लीड नवीन घ्या, मगच पेटीत ठेवा.